चाळीस टक्के, चौसष्ट घरं

दिव्यांगांच्या कायद्यात ३९ आणि ४० या आकड्यांमधलं अंतर एका टक्क्याचं नसतं. वैद्यकीय मंडळानं ३९ लिहिले तर हातात प्रमाणपत्र येतं, पण त्यावर फारसं काही मिळत नाही. ४० लिहिले की एसटीचं पाऊण भाडं माफ होतं, सरकारी नोकरीतल्या ४ टक्के राखीव जागांसाठी अर्ज करता येतो आणि संजय गांधी निराधार अनुदान योजनेचं दार किलकिलं होतं. ८० लिहिले आणि घर दारिद्र्यरेषेखालचं असलं, तर केंद्राच्या इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतनाचे दरमहा ३०० रुपये राज्याच्या रकमेत धरले जातात. हे ३०० रुपये २०१२ पासून ३०० च आहेत. ऑक्टोबर २०२४ च्या नियमांनी तर या आकड्यांना रंगही दिले: ४० च्या खाली पांढरं कार्ड, ४० ते ७९ पिवळं, ८० आणि त्यावर निळं. निकालाच्या दिवशी शाळेत विचारतात तसं इथेही ‘टक्के किती पडले?’ असंच विचारतात. फक्त इथे जास्त पडले म्हणून पेढे वाटता येत नाहीत आणि कमी पडले म्हणून बरंही वाटत नाही.

अशा टक्क्यांवर जगणाऱ्या माणसाविषयी हा लेख आहे, आणि दिवसाचे उरलेले तास तो कशाच्या आधारानं काढतो याविषयीही. त्याला नाव नाही, कारण तो कल्पिलेला आहे. कोणाचं दुखणं, कोणाचं उत्पन्न आणि कोणाच्या घरातली ओढाताण नावानिशी चव्हाट्यावर मांडायची, आणि त्यामुळे त्याचं अनुदान अडकलं तर हळहळायचं, यात काही अर्थ नाही. शिवाय विज्ञानकथा लिहिणाऱ्यांची एक जुनी रीत आहे. एक माणूस कल्पायचा, त्याच्याभोवती पक्के नियम ठेवायचे आणि पुढे काय होतं ते बघायचं. इथे माणूस तेवढा कल्पित. कायदे, रकमा, साल, खेळ आणि पुस्तकं खरी.

आपला अर्जदार २३ वर्षांचा. पंढरपुरात प्रदक्षिणा मार्गाच्या आतल्या बोळात घर, उंच उंबऱ्याचं. वडिलांचा चुरमुरे-बत्ताशांचा गाडा, आई घरी बसून तुळशीच्या माळा ओवते. आषाढी-कार्तिकीला चार पैसे दिसतात, एरवी ओढाताण. मुलाला मस्क्युलर डिस्ट्रॉफी. या आजारात स्नायू हळूहळू निकामी होत जातात. बहुतेक प्रकारांत आधी कंबर आणि मांड्या, मग खांदे. जमिनीवरून उठायचं तर गुडघ्यांवर, मग मांड्यांवर हात रोवत माणूस जणू स्वतःच्याच अंगावर चढत उभा राहतो. गॉवर्स या ब्रिटिश डॉक्टरनं एकोणिसाव्या शतकात ही हालचाल नोंदवली. आजही ती त्याच्याच नावानं ओळखली जाते. बोटांतली ताकद मात्र पुष्कळदा बराच काळ टिकते. पायरी चढवत नाही, पण मोबाईलवर अंगठा चालतो. ही गोष्ट पुढे महत्त्वाची आहे.

दाखल्यांची वाट

१९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ चा दिव्यांग हक्क अधिनियम एप्रिल २०१७ मध्ये अमलात आला आणि ते २१ झाले. मस्क्युलर डिस्ट्रॉफीला त्या यादीत स्वतःचं नाव मिळालं. पण यादीत नाव आलं म्हणून हातात कागद येत नाही. महाराष्ट्रातल्या जुन्या दिव्यांग माणसाच्या पिशवीत या कागदांच्या पिढ्याच सापडतात: आधी सिव्हिल सर्जनच्या सहीचं हातानं भरलेलं प्रमाणपत्र, मग राज्याच्या संगणक प्रणालीतलं, आणि जून २०२१ पासून देशभर सक्तीचं झालेलं युडीआयडी ओळखपत्र. माणूस तोच, आजार तोच, फक्त थोडा वाढलेला.

अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा. घरात जमलं नाही तर महा-ई-सेवा केंद्र. तिथे सर्व्हर चालू असला, फोटोचा आकार बरोबर बसला, आधारवरचं नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव जुळलं, की तारखेची वाट बघायची. पंढरपुरात उपजिल्हा रुग्णालय आहे. पण प्रत्येक आजाराचा तज्ज्ञ तालुक्याला असणं शक्य नसतं. मग ‘सोलापूरला सिव्हिलला जा’. अंतर सुमारे ७० किलोमीटर. उचलून एसटीत चढवायला दोन माणसं लागतात आणि त्या दोघांचा दिवस बुडतो. आणि गंमत अशी की पाऊण भाडं माफ होण्यासाठी जे कार्ड लागतं, ते आणायलाच निघालेल्या माणसाला पूर्ण भाडं मोजावं लागतं. प्रमाणपत्र देण्याची मुदत पूर्वी नियमांत एक महिन्याची होती. २०२४ च्या दुरुस्तीनं ती तीन महिन्यांची केली.

कार्ड आलं की तहसील कचेरी. पंधरा वर्षांच्या रहिवासाचा पुरावा, वयाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, तलाठ्याचा अहवाल, रेशनकार्ड, आधार, पासबुक, आणि सगळ्याच्या झेरॉक्स. अर्ज तालुक्याच्या समितीपुढे जातो, आणि समितीची बैठक लागेल तेव्हा लागते. मंजुरीनंतर पैसे थेट खात्यात, म्हणजे खात्याला आधार जोडलेलं हवं आणि केवायसी ताजी हवी. मशीनवर अंगठा उठला नाही की पुन्हा हेलपाटा. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ॲसिड हल्ल्यातल्या पीडित आणि अंध व्यक्तींच्या याचिकांवर निकाल देताना डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि केवायसीची पद्धत सर्वांना जमेल अशी करण्याचे आदेश दिले. निकाल मोठा आहे. तो बोळाच्या तोंडाशी असलेल्या केंद्रातल्या मशीनपर्यंत यायला वेळ लागेल.

एवढं झालं तरी दरवर्षी हयातीचा दाखला आहेच. आपण अजून जिवंत आहोत हे सांगायला, ज्याला चालता येत नाही त्यानं जायचं.

रुपयांचा हिशेब

संजय गांधी योजना १९८० ची. २०१९ पर्यंत एकट्या लाभार्थ्याला महिना ६०० रुपये मिळत. त्या वर्षी १,००० झाले, जुलै २०२३ पासून १,५०० आणि दिव्यांगांसाठी ऑक्टोबर २०२५ पासून २,५००. गावात या रकमेला कोणी अनुदान म्हणत नाही, ‘निराधारचा पगार’ म्हणतात. २,५०० ची वाढही आपोआप आली नाही. जून २०२५ मध्ये प्रहार संघटनेचे नेते बच्चू कडू यांनी गुरुकुंज मोझरीला अन्नत्याग केला. त्यांच्या मागण्यांत शेतकऱ्यांच्या कर्जमाफीबरोबर दिव्यांगांना महिना ६,००० रुपये ही मागणी होती.

आता मर्यादेचं गणित बघा. दिव्यांग अर्जदाराच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांच्या आत हवं. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. आई आणि वडील दोघांनी प्रत्येकी १०० दिवस त्या दरानं काम केलं तर ६२,४०० रुपये होतात. सरकारनंच ठरवलेल्या दरानं प्रत्येकी शंभर दिवस राबलेलं जोडपं सरकारच्याच मोजपट्टीनं ‘निराधार’च्या बाहेर पडतं. याच राज्यात २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली, तेव्हा तिची मर्यादा अडीच लाख ठरली. मग माळा ओवून, गाडा ढकलून मिळालेला पैसा लपवायचा की मुलाचा पगार सोडायचा, असा पेच घरात उभा राहतो. प्रामाणिक माणसाला खोटं बोलायला लावणारी मर्यादा मुळात चुकीची आखलेली असते.

दुसरं गणित कायद्याचंच आहे. २०१६ च्या अधिनियमाचं कलम २४ सांगतं की सामाजिक सुरक्षेच्या योजनेत इतरांना जे मिळतं त्यापेक्षा दिव्यांगांना किमान २५ टक्के जास्त मिळावं. सरकारच्या आर्थिक कुवतीची पुस्ती त्याला जोडलेली आहे, हे खरं. पण २०२३ मध्ये सगळ्यांना १,५०० झाले, तेव्हा कायद्याचा शब्द धरला असता तर दिव्यांगांना १,८७५ मिळायला हवे होते. त्यांनाही १,५०० च मिळाले, दोन वर्षांहून जास्त काळ.

आणि कुवतीचा प्रश्न काढायचाच तर सोलापूरकरांनी जरा पूर्वेकडे बघावं. या जिल्ह्यात विणकरीनिमित्त आलेली हजारो तेलुगू घरं आहेत, तेव्हा तिकडची खबर इथे लवकर पोचते. आंध्र प्रदेशानं जुलै २०२४ मध्ये दिव्यांगांचं निवृत्तिवेतन ३,००० वरून ६,००० केलं, आणि अंथरुणाला किंवा चाकाच्या खुर्चीला खिळलेल्यांना १५,०००. त्या वरच्या यादीत तीव्र मस्क्युलर डिस्ट्रॉफी नावानिशी आहे. आजार एकच, स्नायू सारखेच निकामी होतात. राज्याची हद्द बदलली की रक्कम सहापट होते.

संशयाचा कारभार

जुलै २०२४ मध्ये पूजा खेडकर प्रकरण गाजलं. प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या दिव्यांग प्रमाणपत्रांविषयी प्रश्न उभे राहिले, केंद्रीय लोकसेवा आयोगानं उमेदवारी रद्द केली, पुढे सेवाही संपली. त्यानंतर दिव्यांग कल्याण विभागाचे सचिव तुकाराम मुंढे यांनी २०२५ मध्ये सरकारी कर्मचाऱ्यांच्या प्रमाणपत्रांची पडताळणी करण्याचे आदेश दिले. मुंढे पूर्वी सोलापूरचे जिल्हाधिकारी होते. पडताळणी हवीच. खोटं प्रमाणपत्र म्हणजे खऱ्या माणसाची पळवलेली जागा. २०१६ च्या अधिनियमाच्या कलम ९१ मध्ये त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे.

पण संशयाची हवा एकदा सुटली की ती वरच्या मजल्यावर थांबत नाही. अधिकारीपदासाठी टक्के मिळवणारा आणि २,५०० रुपयांसाठी टक्के मागणारा, दोघांकडे एकाच नजरेनं बघितलं जातं. मग अर्जदार शिकतो की मंडळासमोर हसायचं नाही. खुर्चीतून उठून दाखवता येत असलं तरी आज उठून दाखवायचं नाही. आपल्याला काय येत नाही याची यादी पाठ करायची आणि दर टेबलावर म्हणायची. आजार शरीर खातो, आणि ही पाठांतराची सवय मनाला लागते. वर्षानुवर्षं ‘मला जमत नाही’ हे सिद्ध करत राहिलेल्या माणसाला एके दिवशी ते स्वतःलाच पटतं.

आणि तो जर ओट्यावर बसून मोबाईलवर डाव मांडताना, खळखळून हसताना दिसला, तर शेजारी म्हणतो, “खेळता येतंय की!”

चौसष्ट घरं

हो, खेळता येतं. लुडो किंग हा खेळ २०१६ साली नवी मुंबईतल्या कंपनीनं काढला आणि २०२० च्या टाळेबंदीत घराघरात पोचला. तो एका बोटानं खेळता येतो. लिचेस हे बुद्धिबळाचं संकेतस्थळ फुकट आहे, जाहिराती नाहीत, आणि दृष्टी नसलेल्यांसाठी तिथे वेगळी सोयही आहे. तिथे कोणी उत्पन्नाचा दाखला मागत नाही. समोरचा खेळाडू कोणत्या देशातला, बसलेला आहे की आडवा, हे कळत नाही आणि कळून फरकही पडत नाही. प्रश्न एकच: आता तुझी खेळी काय?

खेळ आणि कचेरी या दोन्ही ठिकाणी नियमांचंच राज्य असतं. पण खेळाचे नियम डाव सुरू होण्याआधी दोघांना माहीत असतात, दोघांना सारखे असतात आणि मध्येच बदलत नाहीत. हरलं तर का हरलो ते मागे जाऊन बघता येतं. कचेरीत अर्ज नामंजूर झाला की का झाला हे शोधायलाच वेगळा अर्ज लागतो. दिवसभर दुसऱ्या प्रकारच्या नियमांत घुसमटलेल्या माणसाला पहिल्या प्रकारच्या नियमांत मोकळं वाटतं, यात नवल काहीच नाही. तिथे त्याच्या न येण्याचा हिशेब कोणी ठेवत नाही. येतं तेवढंच मोजलं जातं.

नियम माणसाला सामावून घेऊ शकतात याचा सर्वांत सुंदर नमुना अंधांच्या बुद्धिबळात सापडतो. महाराष्ट्रात या खेळाचं नाव चारुदत्त जाधव यांच्याशी जोडलेलं आहे. किशोरवयात दृष्टी गेलेल्या जाधवांनी अखिल भारतीय अंध बुद्धिबळ महासंघ उभा केला आणि ‘टॉक ६४’ हे बोलणारं बुद्धिबळाचं सॉफ्टवेअर घडवलं. त्यांच्यावर आणि तीन अंध मुलांवर इयन मॅकडोनल्ड यांनी ‘अल्गोरिदम्स’ हा कृष्णधवल माहितीपट २०१२ मध्ये केला. या खेळाच्या पटावर काळी घरं किंचित उंच असतात. प्रत्येक घरात भोक, प्रत्येक सोंगटीला खाली खुंटी, काळ्या सोंगट्यांच्या डोक्यावर टोक. दोघांचे दोन वेगळे पट. खेळी मोठ्यानं सांगायची, आणि ऐकण्यात गफलत नको म्हणून उभ्या रांगांना ॲना, बेला, सीझर, डेव्हिड अशी हेक्टरपर्यंत नावं.

खरी करामत पुढे आहे. साध्या बुद्धिबळात हात लावलेली सोंगटी खेळावीच लागते. अंध खेळाडूला तर पट हातानंच बघायचा असतो. तो नियम तसाच ठेवला तर डाव सुरूच होणार नाही. म्हणून ठरलं: सोंगटी भोकातून उचलली तरच हात लावला असं धरायचं. एका नियमाचं एक टोक बदललं. खेळ सोपा झाला नाही, मेहेरबानी कोणी केली नाही, हार-जीत तशीच राहिली. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत पूर्ण अंध पुरुषांच्या गटात जलद बुद्धिबळाची तिन्ही पदकं भारतीयांनी घेतली. सुवर्ण बडोद्याच्या दर्पण इनानीचं. २०१६ च्या कायद्यात ‘वाजवी सोय’ नावाची जी कल्पना आहे, ती समजावून सांगायला याहून चांगलं उदाहरण कोणत्याही प्रशिक्षण शिबिरात मिळणार नाही.

खेळातून माणसंही जोडली जातात. नॉर्वेचा माट्स स्टीन डुशेन या प्रकारच्या मस्क्युलर डिस्ट्रॉफीनं २०१४ मध्ये पंचविसाव्या वर्षी गेला. पोरगा घरात बसून दिवसरात्र ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ खेळायचा आणि त्याला मैत्री, प्रेम, कोणाच्या उपयोगी पडणं यातलं काहीच लाभलं नाही, असं आईवडिलांना वाटत होतं. मृत्यूची बातमी त्यांनी त्याच्या ऑनलाइन पानावर लिहिली, आणि युरोपभरातून पत्रं येऊ लागली. खेळात तो ‘इबेलिन’ नावानं वावरायचा. त्यानं कोणाचं एकटेपण हलकं केलं होतं, कोणाला मुलाशी पुन्हा बोलायला लावलं होतं. दूर देशांतले काही सवंगडी अंत्यविधीला आले. २०२४ मध्ये त्याच्यावरचा माहितीपट जगानं बघितला. आपल्याकडे अशा मुलाविषयी ‘मोबाईलमध्ये डोकं घालून बसतो’ एवढंच बोललं जातं.

याला दुसरी बाजूही आहे. हाताशी वेळ आणि खिशात दोन-अडीच हजार असलेला एकटा माणूस हे पैशांवर चालणाऱ्या ऑनलाइन खेळांचं नेमकं सावज. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं कायदा करून असे खेळ बंद केले. विरंगुळा आणि जुगार यांच्यातली रेघ घरातल्यांनीही ओळखायला हवी. पण त्या भीतीनं साधा डावही काढून घेणं म्हणजे नदीला पूर येतो म्हणून घरातला रांजणही पालथा घालणं.

उद्याच्या गोष्टी

दुसरा आधार विज्ञानकथांचा. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाची कथा आली. लेखक नारायण विनायक जगताप. तिला पहिलं बक्षीस मिळालं आणि मग कळलं की हे जयंत विष्णू नारळीकर. आपलीच आद्याक्षरं त्यांनी उलटी करून वापरली होती. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंच्या हातानं लिहून घेतली होती. जगप्रसिद्ध शास्त्रज्ञाला आपली कथा नावाशिवाय, पदाशिवाय तपासली जावी असं वाटलं. इबेलिनलाही बहुधा हेच हवं होतं, आणि आपल्या अर्जदारालाही: आधी खेळी बघा, मग माणूस विचारा. पुढच्या वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी या नव्या साहित्यप्रकाराचं स्वागत केलं, आणि विज्ञानकथा मराठीच्या मुख्य दालनात आली. २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले. तोवर ग्रंथालयांतून त्यांची पुस्तकं तीन पिढ्यांनी हाताळली होती.

त्यांच्या ‘उजव्या सोंडेचा गणपती’ या कथेत क्रिकेट आहे आणि डाव्याचं उजवं झालेलं शरीर आहे. माणूस तोच, अवकाशातून एक पीळ घेऊन आला एवढंच, आणि सगळ्या जगाची मांडणी त्याला उलटी भेटते. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये इतिहासाचे प्राध्यापक अशा जगात जाऊन पोचतात जिथे मराठे पानिपत जिंकले आहेत. अशा कथा सतत वाचणाऱ्याच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसते: आहे ही मांडणी एकमेव नाही. उंबरा उंच आहे कारण कोणीतरी तो उंच बांधला.

एच. जी. वेल्सनं १९०४ मध्ये हेच टोकाला नेलं. त्याच्या कथेत अँडीज पर्वतातल्या एका खोऱ्यात पिढ्यान् पिढ्या सगळे अंध आहेत. घरांना खिडक्या नाहीत, वाटांना पायाला कळतील अशा कडा आहेत, काम रात्रीच्या गारव्यात आणि झोप दिवसा. त्या गावात एक डोळस माणूस येऊन पडतो आणि तिथे अधू ठरतो तो! गावचे वैद्य त्याचे डोळे काढून त्याला बरं करायला निघतात. २०१६ च्या अधिनियमातली दिव्यांग व्यक्तीची व्याख्याही याच अंगानं जाते. शरीरातली उणीव आणि भोवतालचे अडथळे यांची गाठ पडते, आणि त्यामुळे समाजात बरोबरीनं वावरता येत नाही, तो दिव्यांग. म्हणजे व्याख्येचा अर्धा भाग जिन्याविषयी आहे. टक्के मात्र आपण फक्त पायांचे मोजतो. तहसील कचेरीच्या जिन्याला किती टक्के पडले, हे कोणतंही मंडळ सांगत नाही.

‘स्टार ट्रेक’च्या १९८७ मध्ये सुरू झालेल्या मालिकेत अंतराळयानाचा अभियंता जॉर्डी ला फोर्ज अंध आहे; डोळ्यांवरच्या यंत्रामुळे त्याला डोळसांपेक्षा वेगळं आणि जास्त दिसतं. हे नाव जॉर्ज ला फोर्ज या जुन्या चाहत्यावरून दिलेलं. तो १९७५ मध्ये वारला, आजार मस्क्युलर डिस्ट्रॉफी. त्याच मालिकेच्या १९९३ मधल्या एका भागात चाकाच्या खुर्चीतले शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग स्वतःच्याच भूमिकेत आले, न्यूटन आणि आइन्स्टाइनबरोबर पत्ते खेळायला बसले आणि डाव जिंकले. याच हॉकिंगशी १९६१ मध्ये, आजाराचं निदान होण्याआधी, ग्रिनिच वेधशाळेच्या उन्हाळी शिबिरात टेबल टेनिस खेळल्याची आठवण नारळीकर सांगत.

जानेवारी २००१ मध्ये हॉकिंग भारतात आले. दिल्लीतल्या स्मारकांना खुर्चीची वाट नव्हती. जावेद अबिदी आणि इतर कार्यकर्त्यांनी आवाज उठवला आणि कुतुबमिनारसारख्या ठिकाणी पुरातत्त्व खात्यानं घाईघाईनं लाकडी उतार बसवले. थोडक्यात, मनात आलं तर उतार लगेच होतो. अडतं ते येणारा माणूस कोण आहे यावर.

लऊळपर्यंत

पंढरपुरात अपंग माणसाला आपण शतकानुशतकं एकाच जागी बघत आलो: वाळवंटात किंवा प्रदक्षिणेच्या वाटेवर, समोर फडकं पसरून. वारकऱ्यानं नाणं टाकायचं, पुण्य घ्यायचं. निराधारचा पगारही पुष्कळांच्या मनात त्याच फडक्यावर पडतो. तो मागणाऱ्यानं मान खाली घालावी, मिळाल्यावर हात जोडावेत, आणि खेळताना दिसू नये.

परंपरेचं दुसरं अंग आपण विसरतो. एकनाथांनी आंधळा, पांगळा, बहिरा, मुका यांच्या तोंडी भारुडं घातली आणि त्यांच्याकडून डोळसांना चार शब्द सुनावले. तुकोबांनी हुतुतू, विटीदांडू, फुगडी, चेंडूफळी यांवर अभंग रचले. वारीच्या वाटेवर आजही सत्तरीची म्हातारी फुगडी घालते तेव्हा कोणी तिला ‘खेळता येतंय की’ म्हणून हिणवत नाही. आणि कूर्मदासाचा मुक्काम तर याच जिल्ह्यातला. पैठणचा हा हातपाय नसलेला भक्त पोटावर सरपटत वारीला निघाला. माढा तालुक्यातल्या लऊळला येऊन अंगातलं त्राण संपलं. कथा सांगते की त्यानं पुढे जाणाऱ्यांबरोबर निरोप धाडला आणि विठ्ठल स्वतः लऊळला आला. कूर्मदासाचं मंदिर तिथे आहे. देवानं त्याच्याकडे टक्के मागितले नाहीत, उरलेलं अंतर स्वतः तोडलं.

३ डिसेंबर २०२२ ला महाराष्ट्रानं स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग सुरू केला आणि पुढच्या वर्षी ‘दिव्यांगांच्या दारी’ ही मोहीम जिल्ह्याजिल्ह्यांत फिरली. ती दिशा लऊळचीच. फक्त मोहीम एकदा मंडपात होते आणि गरज दर महिन्याला लागते.

करण्यासारखं काय आहे, ते फार मोठं नाही. जो आजार उलटणार नाही, त्याच्या माणसाला कमी टक्क्यांची भीती न घालता कायमचा कागद द्या. वाढीव टक्क्यांसाठी हवं तर तोच येईल. ५०,००० ची मर्यादा किमान रोजगार हमीच्या दराशी जोडा. अर्ज फेटाळला तर कारण लेखी द्या. केंद्राच्या निवृत्तांना २०२१ पासून मोबाईलवर चेहरा दाखवून हयातीचा दाखला देता येतो; निराधारच्या पगारालाही ती वाट सरसकट मोकळी करा. आणि नगरपालिकांनी उत्पन्नाचा जो ५ टक्के हिस्सा दिव्यांगांवर खर्च करायचा असतो, त्यातून नुसत्या तीनचाकी वाटू नका. ग्रंथालयातून घरपोच पुस्तकं, बोलणारी पुस्तकं, अंधांचे बुद्धिबळपट, हाताला जमेल असं खेळाचं यंत्र, हेही त्यातच बसवा. अधिनियमाचं कलम २९ संस्कृती आणि करमणुकीचं आहे, कलम ३० खेळांचं. भारतानं २००७ मध्ये मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातही त्यासाठी वेगळं कलम आहे. पगाराचा हक्क ज्या कायद्यानं दिला, त्याच कायद्यानं खेळण्याचाही दिला. एक मिळतो म्हणून दुसरा सोडावा, असं त्यात कुठे लिहिलेलं नाही.

तेव्हा ओट्यावरच्या त्या मुलाला शेजारी पुन्हा ‘खेळता येतंय की’ म्हणालाच, तर त्यानं मान खाली घालायचं कारण नाही. उत्तर सरळ आहे: हो, येतं. तिथे पायऱ्या नाहीत.